एका कानाचं ऑपरेशन: कुणी करून घ्यावं, कुणी थांबावं

एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सहसा दोनच सल्ले मिळतात. ‘दुसरा कान चांगला आहे ना, मग कशाला हात लावायचा?’ हा एक, आणि ‘छोटंसं ऑपरेशन आहे, उरकून टाका’ हा दुसरा. दोन्ही सल्ले ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, न बघता दिलेले असतात. हा आढावा एका कानाच्या श्रवणदोषावर होणाऱ्या शस्त्रक्रियांचा आहे, आणि तो रुग्णाच्या बाजूने घेतलेला आहे.

मत आधीच सांगून टाकतो. दोष कानाच्या पडद्यात किंवा त्यामागच्या तीन हाडांच्या साखळीत असेल, आणि ऑपरेशननंतर तो कान दुसऱ्या कानाच्या जवळपास पोहोचणार असेल, तर हे ऑपरेशन मनापासून शिफारस करावं असं आहे. दोष कॉक्लियात (आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात) किंवा ऐकण्याच्या नसेत असेल, तर गेलेलं ऐकणं जसंच्या तसं परत आणणारं ऑपरेशन नाही. जे होतं ते उपकरण बसवण्याचं ऑपरेशन असतं आणि त्याची पारख वेगळ्या निकषांवर करावी लागते. या दोन्हींच्या मध्ये एक मोठा गट आहे. त्यांचं ऑपरेशन कागदावर यशस्वी ठरतं, पण घरी गेल्यावर त्यांना काहीच फरक जाणवत नाही. हा आढावा मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एक अपवाद आधी बाजूला काढू. ऐकणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक गेलं असेल, तर ऑपरेशनचा विचार सोडून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. ७२ तासांच्या आत सलग तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट झाली, तर ते अचानक आलेलं नसेचं बहिरेपण समजतात. त्यावर स्टेरॉइड देतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत दिलं तर उपयोगाची शक्यता सगळ्यात जास्त असते. ‘मळ अडकला असेल’ म्हणून थेंब घालत बसण्यात नेमके हेच दिवस जातात.

आता तपासणी. या सगळ्या व्यवहारात सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून बघू. ऑडिओग्रामवर प्रत्येक कानाच्या दोन रेषा हव्यात. एक हवेतून, म्हणजे हेडफोनमधून ऐकल्याची, आणि दुसरी हाडातून, म्हणजे कानामागे कंपक लावून ऐकल्याची. हाडातून चांगलं ऐकू येतं पण हवेतून येत नाही, याचा अर्थ आतला कान शाबूत आहे आणि आवाज वाटेत अडतो आहे. या दोन रेषांमधल्या अंतराला एअर-बोन गॅप म्हणतात. पडदा आणि हाडांच्या ऑपरेशनने भरून निघते ती फक्त ही गॅप, त्यापलीकडे काही नाही. आवाज वाटेत अडण्याच्या या दोषाला वहनदोष म्हणतात; निव्वळ वहनदोषाने साधारण ६० डेसिबलपर्यंतच घट होते. घट त्याहून जास्त दिसली तर नसेचाही वाटा आहे असं धरावं.

दुसरा कान चांगला असताना ही तपासणी फसवी होऊ शकते. कवटी हा एकच हाडाचा पेटारा आहे. उजव्या कानामागे लावलेलं कंपन डाव्या कॉक्लियात जवळजवळ तितक्याच जोराने पोहोचतं. नेहमीच्या हेडफोनचा मोठा आवाजसुद्धा साधारण ४० डेसिबलनंतर डोक्याच्या हाडातून पलीकडे झिरपू शकतो. म्हणून चांगल्या कानात मुद्दाम घोंघाट सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. यालाच मास्किंग म्हणतात. ते केलं नाही तर पूर्ण बहिऱ्या कानाची हाडाची रेषा उत्तम दिसते, कारण ऐकत असतो दुसराच कान. कागदावर मोठी गॅप दिसते, आणि मेलेल्या कानावर ऑपरेशनचा सल्ला मिळू शकतो. तेव्हा अहवालात मास्किंगच्या खुणा आहेत का, हे विचारून घ्या. हाडाच्या रेषेसाठी मास्किंग केलेल्या आणि न केलेल्या तपासणीच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्यांची सूची ऑडिओग्रामच्या कोपऱ्यात छापलेली असते. खूण चुकीची दिसली तर तपासणी पुन्हा करून घ्यावी. साउंडप्रूफ खोलीशिवाय झालेल्या तपासणीवरही निर्णय घेऊ नये.

घरच्या घरी एक ठोकताळा घेता येतो. तोंड मिटून ‘हं’ असा लांब हुंकार द्या. तो वाईट कानात जास्त घुमला तर दोष बहुधा वाटेत आहे, चांगल्या कानात घुमला तर बहुधा आत आहे. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवून हेच पाहतात. फोर्कचं उत्तर आणि ऑडिओग्राम जुळत नसतील, तर ते जुळेपर्यंत पुढे जायचं नाही.

सोबत टिम्पॅनोग्राम (पडद्याची हालचाल मोजणारी चाचणी), स्टेपीडियल रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाने कानातला बारीक स्नायू आकसतो का, ही चाचणी) आणि शब्द ओळखण्याची चाचणी हवी. शब्दांची चाचणी अनेक ठिकाणी गाळली जाते, ते बरोबर नाही. आवाज पुरेसा मोठा करूनही शब्द उमगत नसतील तर दोष नसेकडे आहे. एकाच कानात असं होत असेल तर श्रवणनसेवरची गाठ नाही ना, यासाठी एमआरआय करावा लागतो. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते आणि हळू वाढते, पण माहीत असलेली बरी. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साचलं असेल तर नाकामागची जागा दुर्बिणीने पाहिलीच पाहिजे, कारण तिथली गाठ नाकामागून कानाकडे जाणारी युस्टेशियन नळी दाबून असं करू शकते. तसं न पाहता पडद्यात नुसती कृत्रिम नळी घालून दिली, तर ते काम अपुरं समजावं.

तपासणी चोख झाली की आकडेमोड करायची. ती रुग्णालाही सहज करता येते. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या सर्जननी १९८५ मध्ये मांडलेला एक साधा नियम आजही वापरला जातो: ऑपरेशननंतर त्या कानाची पातळी (ऐकू येणारा सर्वात हळू आवाज; आकडा जितका कमी तितकं ऐकणं चांगलं) ३० डेसिबल किंवा त्याहून चांगली झाली, किंवा दोन कानांतला फरक १५ डेसिबलच्या आत आला, तरच माणसाला फायदा ठळकपणे जाणवतो. कारण सोपं आहे. मेंदू चांगल्या कानावरच विसंबून राहतो. दुसऱ्या कानाची पातळी पुरेशी जवळ आली नाही, तर तो त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही.

आता ऑडिओग्राम समोर ठेवा. समजा चांगला कान १५ वर आहे, वाईट कानाची हवेची पातळी ५५ आणि हाडाची २०. ऑपरेशन चांगलं झालं आणि गॅप १० डेसिबलपर्यंत मिटली, तर कान ३० वर येईल. चांगल्या कानापासून अंतर १५. इथे करायला हरकत नाही. दुसरं उदाहरण घेऊ: चांगला कान तोच १५ वर, वाईट कान हवेतून ७५ आणि हाडातून ४५. इथे गॅप पूर्ण मिटली तरी कान ४५ वर थांबणार, म्हणजे ३० डेसिबलचा फरक राहणार. सर्जनच्या नोंदवहीत हे उत्तम यश आहे, पण घोळक्यातलं बोलणं रुग्णाला पूर्वीइतकंच अवघड जाईल. अशा कानात ऑपरेशनचा उपयोग फार तर श्रवणयंत्र जास्त सोयीचं व्हावं यापुरता असतो, आणि ते आधी सांगितलं गेलं पाहिजे. उलट, दुसरा कानही ४५ वर असेल, तर पहिल्या उदाहरणातलाच ३० वर आलेला कान अचानक घरचा कर्ता होतो. तिथे फायदा सगळ्यात मोठा. आकडे स्वतःचे घाला. बोलण्यासाठी ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी धरा.

वहनदोषाच्या ऑपरेशनांत सर्वात नाजूक आणि जमलं तर सर्वात सुखद ते स्टेपेडोटॉमी. ओटोस्क्लेरोसिसमध्ये रिकीब, म्हणजे साखळीतलं शेवटचं हाड, आपल्या खिडकीत घट्ट धरून बसतं. १९५६ मध्ये अमेरिकन सर्जन जॉन शे यांनी रिकीब काढून तिथे कृत्रिम भाग बसवला आणि आजची पद्धत तिथून आली. कानाच्या नळीतूनच पडदा बाजूला उचलतात, कडेचं थोडं हाड खरवडतात, ऐरण (साखळीतलं मधलं हाड) आणि रिकीब यांचा सांधा सोडवतात, रिकिबीची कमान काढतात. तळपट्टीला लेझरने किंवा बारीक ड्रिलने ०.६ ते ०.८ मिलिमीटरचं छिद्र पाडून त्यात ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचा पिस्टन, म्हणजे बारीक कृत्रिम दांडी, सोडतात. त्याचा आकडा ऐरणीच्या लांब दांड्याला अडकवून आवळतात. पिस्टनची लांबी बहुतेकदा सव्वाचार ते पावणेपाच मिलिमीटर असते आणि ती ऑपरेशनच्या वेळीच मोजून ठरवतात. पिस्टन लांब झाला तर आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या पिशवीला टोचून चक्कर आणतो, आखूड झाला तर छिद्रातून बाहेर सरकतो. आकडा सैल बसला तर ऐरणीचा दांडा काही वर्षांत झिजतो. ऐकणं येतं-जातं, नाक धरून कानात हवा भरली की क्षणभर सुधारतं, अशी तक्रार सुरू झाली की आधी याच आकड्याचा संशय घ्यावा.

अनुभवी हातात बहुसंख्य रुग्णांची, दहात आठ-नऊ जणांची, गॅप १० डेसिबलच्या आत येते. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी: साधारण शंभरात एकाच्या आसपास कान कायमचा बहिरा होऊ शकतो. हा धोका शून्य आहे असं सांगणाऱ्याकडे ऑपरेशन करू नये. जिभेच्या एका बाजूची चव बदलणं हे बरंच वारंवार होतं, कारण चवीची बारीक नस ऑपरेशनच्या वाटेतच असते. ती नुसती ताणली गेली असेल तर धातूसारखी चव बहुतेकदा काही महिन्यांत जाते. स्वयंपाकावर किंवा चव घेण्यावर ज्यांचं पोट आहे, त्यांनी हा मुद्दा सर्जनकडे आधीच काढावा. एकाच कानाने ऐकू येत असेल, तर त्या एकमेव कानावर हे ऑपरेशन साधारणतः करत नाहीत. दोन्ही कानांत दोष असेल तर आधी जास्त वाईट कान घेतात, आणि दुसरा लगेच नाही.

या ऑपरेशनआधी एक सोंगाड्या ओळखायला हवा. आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड विरळ होऊन उघडं पडलं, तरी ऑडिओग्रामवर गॅप दिसते. १९९८ मध्ये अमेरिकन कानतज्ज्ञ लॉइड मायनर यांनी हा विकार मांडला. अशा रुग्णाला स्वतःचा आवाज, पावलं, कधी डोळे हलल्याचाही आवाज कानात घुमतो, मोठ्या आवाजाने तोल जातो. आणि सर्वात उपयोगी खूण: स्टेपीडियल रिफ्लेक्स येतो. खऱ्या ओटोस्क्लेरोसिसमध्ये तो बहुधा गेलेला असतो. म्हणून रिफ्लेक्स न तपासता पिस्टन बसवायला निघालेल्या ठिकाणी थांबा म्हणावं. अशा कानात पिस्टनने काहीही साधत नाही. शंका असेल तर बारीक कापांचा सीटी स्कॅन करतात.

पडद्याला भोक असेल तर टिम्पॅनोप्लास्टी. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण किंवा कानाच्या पाळीसमोरच्या कूर्चेचा तुकडा पडद्याखाली ठिगळासारखा लावतात. कान कोरडा असेल तर दहातले आठ-नऊ पडदे जुळून येतात. पडदा जुळणं आणि ऐकणं सुधारणं या मात्र दोन गोष्टी आहेत. भोक लहान असून गॅप ३५-४० डेसिबलच्या वर असेल तर हाडांची साखळीही तुटली असण्याची शक्यता बरीच आहे. बहुतेकदा ऐरणीचा लांब दांडा झिजतो, कारण त्याला रक्तपुरवठा कमी असतो. भोकावर तात्पुरता कागदी तुकडा चिकटवून ऐकणं मोजलं तर हे आधीच कळतं: सुधारलं तर साखळी ठीक, आणखी घटलं तर साखळी तुटलेली. ही पाच मिनिटांची चाचणी करणारे सर्जन आम्हाला जास्त विश्वासू वाटतात. ठिगळ फसतं ते बहुधा भोक पुढच्या कडेला असल्याने, सर्दी-ॲलर्जीने युस्टेशियन नळी बंद राहिल्याने, जंतुसंसर्गाने किंवा धूम्रपानामुळे. साखळीत कृत्रिम हाड बसवावं लागलं तर ऐकण्याचा अंदाज नुसत्या पडद्यापेक्षा कमी खात्रीचा असतो. ते हाड पडद्यातून बाहेर येऊ नये म्हणून वर कूर्चेची टोपी ठेवतात.

कोलेस्टिएटोमा असेल, म्हणजे घाण वासाचा स्राव आणि हाड खात जाणारी त्वचेची पिशवी, तर वर सांगितलेली सगळी आकडेमोड बाजूला ठेवायची. इथे ऑपरेशन ऐकण्यासाठी नसतं. चेहऱ्याची नस, तोल आणि मेंदूचं आवरण वाचवण्यासाठी ते करावंच लागतं. कधी ती पिशवीच आवाज पुढे पोहोचवत असते, त्यामुळे ती काढल्यावर ऐकणं थोडं घटतंही. हे आधी सांगितलेलं असलं की नंतर कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. पिशवी पुन्हा उगवली नाही ना, हे पाहण्यासाठी काही महिन्यांनी पुन्हा कान उघडून बघणं किंवा खास प्रकारचा एमआरआय यांपैकी एक ठरलेलं हवं.

आता नसेचं बहिरेपण. एका बाजूला अजिबात ऐकू येत नसेल तर तीन वाटा आहेत. पहिली, क्रॉस श्रवणयंत्र: बहिऱ्या बाजूचा मायक्रोफोन आवाज बिनतारी पद्धतीने चांगल्या कानाकडे पाठवतो, ऑपरेशन नाही. दुसरी, हाडात बसवलेलं यंत्र. स्वीडनमधल्या योटेबोर्गमध्ये १९७७ मध्ये पहिल्या रुग्णांच्या कानामागे टायटॅनियमचा स्क्रू बसवला गेला, तीच पद्धत सुधारत आली आहे. आवाज कवटीतून पलीकडच्या चांगल्या कॉक्लियात जातो, म्हणून त्या कानाचं हाडातून ऐकणं २० डेसिबलच्या आत हवं. या दोन्हींनी बहिऱ्या बाजूने हाक मारलेली कळते. पण आवाज कुठून आला हे कळत नाही, कारण ऐकणारा कान एकच राहतो. गोंगाट बहिऱ्या बाजूला असेल तर यंत्र तोच गोंगाट चांगल्या कानात आणून ओततं. त्यामुळे स्क्रू बसवण्यापूर्वी तेच यंत्र डोक्याच्या पट्ट्यावर लावून दोन आठवडे घरी, गर्दीत, प्रवासात वापरून पाहावं. क्लिनिकच्या शांत खोलीतल्या दहा मिनिटांवर ठरवू नये. हा पट्टा द्यायला जे केंद्र नकार देतं, त्याची आम्ही शिफारस करणार नाही. त्वचेतून बाहेर येणाऱ्या स्क्रूभोवती कातडी लाल होणं, चिघळणं हे होतंच. रोज मऊ ब्रशने सफाई करायची तयारी नसेल तर कातडीखालच्या प्रकाराबद्दल विचारावं.

तिसरी वाट कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे कॉक्लियात तार घालून ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणाऱ्या यंत्राची. बहिऱ्या बाजूलाच ऐकणं परत देण्याचा प्रयत्न करणारा हा एकमेव मार्ग आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये एका कानाच्या बहिरेपणासाठी त्याला मान्यता दिली. आवाजाची दिशा ओळखणं आणि कानातली गुणगुण कमी होणं, या दोन्ही बाबतीत अनेकांना खरा फायदा होतो. पण सुरुवातीला आवाज यांत्रिक, किरकिरा वाटतो आणि शेजारी निरोगी कान असल्याने मेंदू त्याला सहज टाळतो. त्यामुळे इम्प्लांटमध्येच थेट आवाज सोडून, चांगल्या कानाला बाजूला ठेवून, महिनोन्‌महिने रोज सराव करावा लागतो. तो करणार नसाल तर यंत्र खणात पडून राहण्याचा धोका मोठा आहे. बहिरेपण जितकं जुनं तितकी आशा कमी. जन्मतः एका कानाने न ऐकणाऱ्या मुलांत तर ऐकण्याची नसच तयार झालेली नसू शकते. ती आहे की नाही हे एमआरआयवर पाहिल्याशिवाय चर्चा पुढे नेऊ नये.

केंद्र निवडताना इमारतीपेक्षा उत्तरं पाहावीत. हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? तुमच्या स्वतःच्या रुग्णांपैकी कितींची गॅप १० डेसिबलच्या आत आली, आणि ती केव्हा मोजली? कान बहिरा झालेले किती? पहिल्यांदा जमलं नाही तर दुसरं ऑपरेशन कोण करतं? पिस्टनचं पुनःऑपरेशन पहिल्याइतकं चांगलं उतरत नाही, म्हणून पहिला हातच निवडून घ्यावा. ‘श्रवणयंत्र लावून बघू का?’ या प्रश्नाला जो सर्जन चिडत नाही, तो चांगला. ओटोस्क्लेरोसिसमध्ये श्रवणयंत्र हा पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. चार ते सहा आठवडे ते वापरून मग ठरवलं तर काहीही बिघडत नाही.

ऑपरेशननंतर एक-दोन आठवडे कानात पट्टी असते, ऐकणं दबलेलं असतं, त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. पिस्टन बसवला असेल तर दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, वजन उचलायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही. डोकं धुताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात. विमानप्रवास आणि पोहणं सर्जनने तारीख सांगेपर्यंत बंद. सुरुवातीचे काही दिवस थोडी चक्कर, टकटक आवाज, भांड्यांचा आवाज कर्कश वाटणं हे अपेक्षित आहे. ऐकण्याचा पहिला खरा आकडा सहा आठवडे ते तीन महिन्यांनी घ्यावा, पुन्हा एक वर्षाने.

एकदा परत आलेलं ऐकणं पुन्हा घसरू लागलं, चक्कर ओसरण्याऐवजी वाढली, कानात मोठी घरघर सुरू झाली किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला गाठायचं. छिद्रातून आतला द्रव झिरपत असेल किंवा पिस्टनभोवती मांस वाढत असेल, तर तासांना किंमत असते. दवाखान्यातून निघताना बसवलेल्या पिस्टनचं किंवा इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल आणि धातू लिहिलेला असतो, आणि पुढे कधीही एमआरआय करायची वेळ आली की तंत्रज्ञ सर्वात आधी तेच विचारतो.